गाडीला अर्थ लागत नव्हता

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला बजावलंय की, घरी गेल्यावर वापरता येईल असं काहीतरी सांगा. डॉक्टर झालेल्यांनी गुडघ्यांवर बोलून घेतलं, बँकवाल्यांनी मुदत ठेवींवर. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या नोकरीतलं घरी नेण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून मी एका जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे. त्यातही तिच्या एकाच गोष्टीबद्दल, तिच्या अर्थबद्दल. हा मराठीच्या बाईंनी शिकवलेला अर्थ नव्हे. ‘बॉडीला अर्थ लागत नाही’ असं गॅरेजमध्ये म्हणतात ना, तो अर्थ.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. बाबांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी निम्मे जण तिच्यात बसलेले आहेत, आणि आपल्या स्नेहसंमेलनाचं नेपथ्य एकदा तिच्या टपावरून आलेलं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाड्यांनी मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक वर्षं राज्य केलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे रस्त्यावरून उतरली. आमची गाडी मात्र घरची, खासगी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख २०२३ च्या मे महिन्यात होती.

मध्ये आला २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना ती तारीख समजावून सांगायला नको. आमच्या अंगणात पाणी बॉनेटच्या वर गेलं. पाणी उतरलं तेव्हा गाडीत सीटपर्यंत चिखल होता. बऱ्याच लोकांनी आपापल्या गाड्या भंगारात दिल्या, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. आमच्या घरीही तोच विषय निघाला. बाबा एवढंच म्हणाले, “विकायची तर वीक. पण बिघडली म्हणून विकू नकोस. चालती करून वीक.”

मग मी पुण्याहून महिन्यातून दोनदा यायला लागले. इंजिन, ब्रेक, गाद्या असं करत करत दीड वर्ष गेलं. डेंटिंग-पेंटिंग झालं आणि गाडी नवरीसारखी दिसायला लागली. पण तिची वीज काही ठीक होईना. २०२३ च्या मार्चमध्ये तक्रारींची यादी अशी होती.

एक, सकाळी सेल्फ मारला की इंजिन अडखळत फिरायचं, कधी नुसतंच ‘टक’ व्हायचं. दोन, ब्रेक दाबला की मागचे दिवे देवघरातल्या समईसारखे मिणमिणायचे. तीन, दिव्यांचं बटण बंद असताना ब्रेक दाबला तरी डॅशबोर्डमधला छोटा दिवा मंद पेटायचा. चार, ब्रेक दाबून धरला की पेट्रोलचा काटा आपोआप सरकायचा. पाच, ब्रेकवर पाय असताना इंडिकेटर दिला तर त्याची टिकटिक मंदावायची, कधी थांबायची.

एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलली. दुसऱ्याने सेल्फ खोलून दुरुस्त करून दिला. तिसऱ्याने फ्लॅशर नवा घातला आणि तरीही फरक पडेना तेव्हा सांगितलं, “मॅडम, पुराची गाडी आहे. सगळं वायरिंग बदला, नाहीतर सोडून द्या.” आरटीओच्या तपासणीत ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं चालून दाखवावं लागतं. हातात दोन महिने होते. बाबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं.

आता जरा नववीच्या विज्ञानाच्या तासाला जाऊ. सरांनी आपल्याला सेल, बल्ब आणि कळ जोडायला लावली होती. तेव्हा दोन वायरी होत्या, एक जाणारी आणि एक येणारी. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर असते, पण येणारी वायर बहुतेक वेळा नसतेच. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि दिव्याचं दुसरं टोकही पत्र्याला. म्हणजे गाडीचा सगळा सांगाडा हीच परतीची वायर. तांबं वाचतं, वायरींचा गुंता कमी होतो.

इथे एक घोटाळा दूर करते. घरातलं अर्थिंग आणि गाडीतला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात वीज फेजमधून येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. अर्थची तिसरी वायर संकटासाठी राखून ठेवलेली असते. ती तुटली तरी मिक्सर चालतो, म्हणूनच ती तुटल्याचं कळत नाही आणि म्हणूनच ते धोक्याचं. गाडीतला अर्थ न्यूट्रलचं काम करतो. त्याचा जमिनीशी संबंध नाही, गाडी रबरी टायरांवर उभी असते. तो बिघडला की एक तर दिवा लागत नाही, नाहीतर वीज भलतीच वाट शोधते.

आमच्या गाडीतली वीज भलत्याच वाटेने जाते आहे, हे पहिल्यांदा ओळखलं ते आपल्या बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमननी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला चार वेळा सेल्फ मारायला लावला आणि मग डॅशबोर्डवरच्या चोकच्या दांडीला हात लावायला सांगितलं. दांडी गरम होती. चाचा म्हणाले, “ताई, करंट कसा जातो ते सगळे बघतात. परत कसा येतो ते कोण बघत नाही.”

चोकची दांडी गरम का? इंजिन गाडीच्या पत्र्याला थेट टेकलेलं नसतं, रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. हादरे कमी व्हावेत म्हणून. पण रबरातून वीज जात नाही. त्यामुळे इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. सेल्फ इंजिनला बसवलेला असतो, त्याची सगळी वीज या पट्टीतून परत जाते. पट्टी खराब झाली की वीज दुसरा धातूचा रस्ता शोधते. चोकची तार कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाते आणि ती लोखंडाची असते. बिचारी बारीक तार सेल्फचा भार वाहत होती. काही गाड्यांत अशी तार तापून तिचं प्लॅस्टिकचं आवरण वितळतं. पेट्रोलची नळी शेजारी असताना ही थट्टेची गोष्ट नाही.

चाचांनी बोटाने जे ओळखलं, ते आता मला आकड्यात हवं होतं. अशा वेळी बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवतात, एक टोक इंजिनला, एक पत्र्याला लावतात. मीटर ०.२ ओहम दाखवतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच जवळपास तेवढा असतो, म्हणून माणूस म्हणतो, जोड चांगला आहे. इथेच फसगत होते. सेल्फ साधारण शंभर अँपिअर घेतो असं धरा. सरांचं सूत्र आठवा, विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. पट्टीचा रोध नुसता ०.०२४ ओहम असला, तरी शंभर अँपिअरला २.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. आणि ०.०२४ ओहम हा आकडा साध्या मीटरला दिसतच नाही. वायरमनच्या टेस्ट लॅम्पचंही तसंच. तो छोटा दिवा इतकी थोडी वीज घेतो की, पट्टीची एक तार शाबूत असली तरी झगझगीत पेटतो.

म्हणून जोड तपासायचा तो भार टाकून. ही पद्धत लिहून घ्या, स्कूटरपासून ट्रॅक्टरपर्यंत कुठेही चालते. मीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवायचा. काळं टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, म्हणजे शिशाच्या खुंटावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढलेली. मग सेल्फ मारायचा, फार तर पाच सेकंद. मीटर शून्याजवळ राहिला तर परतीची वाट मोकळी. जितके व्होल्ट दिसतील, तितके वाटेत अडकले.

बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, “बाबा, मारा सेल्फ.” मीटर म्हणाला, २.५ व्होल्ट. मग लाल टोक पत्र्यावर ठेवलं. पुन्हा सेल्फ. आता ०.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरीपासून पत्र्यापर्यंतची वाट उत्तम. पत्र्यापासून इंजिनपर्यंतच्या वीतभर पट्टीत २.४ व्होल्ट जात होते. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट होते, त्यातले अडीच वजा केले तर सेल्फच्या वाट्याला आठसुद्धा उरत नव्हते. शंभर अँपिअरच्या हिशेबाने त्या पट्टीत आणि तिच्या जोडांत मिळून अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता होत होती. नवी बॅटरी आणि दुरुस्त केलेला सेल्फ, दोघेही निर्दोष होते.

खात्री करायला चाचांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनपर्यंत जाड जंपर केबल लावली. सेल्फ मारताच इंजिन पूर्वीसारखं गरगर फिरलं. काहीही न उघडता, न बदलता. कुठल्याही बिघाडात आधी असा तात्पुरता पूल बांधून बघावा. पुलावरून गाडी गेली तर बिघाड पुलाखाली आहे हे नक्की झालं.

पट्टी काढली. वरून तांबूस, आत हिरवी. बोल्टखालच्या पत्र्यावर गंज, आणि त्या गंजावर सुंदर नवा रंग! पुराने अर्धं काम केलं होतं आणि रंगाने उरलेलं. रंगातून वीज जात नाही. नव्याने रंगवलेल्या गाडीत विजेच्या तक्रारी सुरू होतात, त्याचं एक कारण हे असतं. रंगारी मन लावून सगळीकडे फवारा मारतो आणि अर्थचे बिंदूही झाकले जातात.

आता मागचे दिवे. ब्रेकचा आणि पार्किंगचा दिवा एकाच बल्बमध्ये असतो. त्यात दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची पार्किंगची. दोघींची परतीची वाट मात्र एकच, होल्डरच्या पत्र्यातून. ती वाट बंद झाली की ब्रेकच्या तारेतून आलेली वीज होल्डरपाशी अडते आणि ५ वॅटच्या तारेतून उलटी शिरते. तिथून पार्किंगच्या वायरीने थेट पुढे, डॅशबोर्डच्या छोट्या दिव्यापर्यंत जाते आणि तिथल्या अर्थमधून बॅटरीला मिळते. दिव्यांचं बटण बंद असताना डॅशबोर्ड मंद का पेटत होता, याचं उत्तर हे.

डिकीत बघितलं तर पूर्वी कधीतरी कुणीतरी दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या, इंडिकेटरच्या आणि पेट्रोलच्या टाकीतल्या सेंडरच्या अर्थ वायरी एकत्र करून एकाच स्क्रूखाली बांधल्या होत्या. तो स्क्रू गंजला होता आणि त्याच्यावरही रंग बसला होता. लांब वायर घेऊन मीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला जोडलं, लाल टोक दिव्याच्या होल्डरला. बाबांनी ब्रेक दाबला. ४.१ व्होल्ट. बल्बला बारापैकी आठच मिळत होते. आणि बल्बचा हिशेब कठोर असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो. एक तृतीयांश व्होल्टेज गेल्यावर समईच उरणार.

पेट्रोलच्या काट्याचं कोडंही तिथेच सुटलं. सेंडरची परतीची वाट त्याच स्क्रूखाली. ब्रेक दाबला की तो स्क्रू शून्यावरून चार व्होल्टवर उचलला जायचा आणि काट्याला वाटायचं, टाकीत काहीतरी बदललं. टाकीत काहीच बदललेलं नव्हतं.

दुरुस्ती एका दुपारची होती. स्क्रू काढले. गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायसरच्या घेराएवढाच. वायरींच्या टोकांना नवे थिंबल दाबून बसवले. खाली दातेरी स्टार वायसर घातलं, कारण त्याचे दात धातूत रुततात. स्क्रू घट्ट केले आणि मग वरून व्हॅसलीन लावलं, आपल्या कोकणच्या पावसासाठी. क्रम महत्त्वाचा. आधी धातूला धातू, मग वरून व्हॅसलीन. दिव्यांच्या आणि सेंडरच्या वायरी वेगवेगळ्या स्क्रूंवर नेल्या. इंजिनला नवी जाड पट्टी बसवली आणि जोडीला आणखी एक टाकली. पुढच्या दिव्यांचे अर्थही त्याच हाताने साफ केले. नवं सामान सगळं मिळून आठशे रुपयांच्या आत आलं.

पुन्हा मोजलं. सेल्फ मारताना इंजिनपर्यंत ०.२ व्होल्ट. मागच्या होल्डरला ०.१. सेल्फला अर्धा व्होल्ट आणि दिव्यांना ०.२ व्होल्टच्या आत राहिलं की बरं समजावं. पाचही तक्रारी गेल्या. वायरिंगचा जुडगा होता तसाच आहे.

मे महिन्यात तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी ब्रेक दाबायला सांगितला, इंडिकेटर लावायला सांगितले, मागे जाऊन बघितलं आणि कागदावर सही केली. गाडीला पाच वर्षं मिळाली. बाबांना मी विचारलं, “आता चालती झाली. विकू या?” ते म्हणाले, “घाई काय आहे?” सध्या ते शेजारच्या सीटवर बसतात, मी चालवते, आणि गिअर कधी टाकायचा ते तेच सांगतात.

यातून घरी न्यायच्या गोष्टी तीन आहेत.

पहिली, एकाच वेळी चार-पाच असंबद्ध तक्रारी आल्या की प्रत्येकीला वेगळं औषध देऊ नका. त्या सगळ्यांत सामाईक काय आहे ते आधी शोधा. माझ्या रोजच्या कामातही असंच असतं. पाच ठिकाणच्या पाच चुका बहुतेक वेळा खाली एकाच जागी जाऊन मिळतात. आमच्या गाडीत पाचांपैकी चार तक्रारी एका स्क्रूखाली होत्या.

दुसरी, कुठलाही जोड काम करत असताना तपासा. रिकामा बसलेला जोड नेहमी चांगलाच दिसतो.

तिसरी, वस्तू बदलण्याआधी मोजा. बॅटरी, सेल्फ आणि फ्लॅशर यांच्यावर आमचे जे पैसे गेले, त्यांच्या तुलनेत मीटरची किंमत काहीच नाही.

आणि एक मागणं. सर, तुम्ही आम्हाला सेल आणि बल्ब दिले होते, तेव्हा सगळे जोड चांगले होते. आता नववी-दहावीच्या मुलांना एक गंजका जोडही द्या. एक मोटारसायकलची बॅटरी, एक २१ वॅटचा बल्ब, एक गंजलेला खिळा. बल्ब का मिणमिणतो ते त्यांना मोजून काढू द्या. आपल्या गावात प्रत्येकाच्या घरी पुराने भिजलेलं काही ना काही आहे. या मुलांपैकी एखाददुसरं ते फेकण्याआधी मोजून बघेल. त्यासाठी मी प्रयोगशाळेला दहा मल्टिमीटर आणले आहेत, ते मुख्याध्यापकांकडे दिले आहेत. गंजलेले खिळे मात्र आणले नाहीत, ते चिपळुणात भरपूर मिळतील.

चाचांनाही मी विचारलंय. वर्षातून एक शनिवार ते शाळेत यायला तयार आहेत. गाडी मी घेऊन येईन.